शब्दशंका : 'सॉरो', 'सॉरी' आणि दुःखाचे इतर इंग्रजी शब्द

दुःख या अर्थाच्या 'सॉरो' या इंग्रजी शब्दाविषयी आणि त्याच्या शेजारच्या शब्दांविषयी वाचकांनी विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. पहिले दोन प्रश्न शब्दाच्या कुळाचे आहेत आणि पुढचे तीन वापराचे आहेत. ती क्रमाने वाचावीत, ही विनंती, कारण शेवटच्या उत्तरात पहिल्या उत्तराचा आधार घ्यावा लागला आहे.

प्रश्न : 'लक'पासून 'लकी' आणि 'रेन'पासून 'रेनी' होते, तसे 'सॉरो' या नामापासून 'सॉरी' हे विशेषण झाले आहे, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्थ जवळचा, उच्चार जवळचा, लेखनातही पहिली चार अक्षरे सारखी, त्यामुळे हे स्पष्टीकरण कुणालाही पटावे असेच आहे. तरीही ते खरे नाही. 'सॉरो' आणि 'सॉरी' हे दोन वेगळ्या मुळांतून आलेले शब्द आहेत आणि आज त्यांच्यात दिसणारे साम्य बऱ्याच अंशी दीर्घ सहवासातून आलेले आहे.

आधी 'सॉरो' पाहू. सुमारे पाचव्या शतकापासून साधारण ११०० सालापर्यंत इंग्लंडमध्ये जी भाषा बोलली जात होती, तिला आज जुनी इंग्रजी म्हणतात. त्या भाषेत या शब्दाचे रूप 'सोर्ग' असे होते. त्यातला 'ग' पुढे स्वर आला की आपल्या 'ग'सारखा टणक राहत नसे; 'ग़म' या शब्दाचा उच्चार उर्दू जाणणारी व्यक्ती जसा करते, तसा तो घशातून घासत निघत असे. दुःखाच्या इंग्रजी शब्दातला हरवलेला ध्वनी समजावून सांगायला दुःखाचाच दुसरा शब्द उपयोगी पडावा, या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटते. पुढच्या काही शतकांत 'र' आणि 'ल' यांच्यानंतर येणारा हा घर्षक ध्वनी ओठांकडे सरकला आणि त्याचा 'व' झाला. मधल्या काळात 'सोर्वे' असे रूप दिसते आणि त्यानंतर आजचे 'सॉरो' येते.

हा बदल एकट्या 'सोर्ग'च्या वाट्याला आलेला नाही. जर्मन भाषेने तो 'ग' जपून ठेवला आहे, त्यामुळे दोन्ही भाषांतले शब्द शेजारी मांडले की नियम लगेच लक्षात येतो. जर्मनमध्ये सकाळ म्हणजे 'मॉर्गन', इंग्रजीत 'मॉरो', आणि त्याच्यापासूनच 'टुमॉरो'. जर्मनमध्ये उसने घेणे म्हणजे 'बोर्गेन', इंग्रजीत 'बॉरो'. मागोमाग जाणे म्हणजे 'फोल्गेन' आणि 'फॉलो'. फाशी देण्याचा खांब म्हणजे 'गाल्गेन' आणि 'गॅलोज'. याच रांगेत जर्मन 'झोर्गे' आणि इंग्रजी 'सॉरो' बसतात. 'सॉरो', 'बॉरो' आणि 'टुमॉरो' यांच्या अंतिम 'ओ'मागे एकच लुप्त व्यंजन आहे, हे एकदा कळले की त्यांचे विचित्र वाटणारे लेखनही अकारण राहत नाही.

आता 'सॉरी' कडे वळू. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे जखम किंवा शारीरिक वेदना. घसा दुखतो तेव्हा इंग्रजी भाषक 'सोअर थ्रोट' म्हणतो, त्यातला 'सोअर' म्हणजे हाच 'सार'. त्याला 'इग' हा प्रत्यय लागून 'सारिग' असा शब्द झाला आणि त्याचा अर्थ 'वेदनेने भरलेला' असा होता. शब्दाच्या शेवटचा 'इग' पुढे नुसता 'ई' उरला. पवित्र या अर्थाचा 'हालिग' असाच 'होली' झाला. त्याच काळात दीर्घ 'आ'चा 'ओ' होत होता, म्हणूनच दगडाचा 'स्तान' हा 'स्टोन' झाला आणि घराचा 'हाम' हा 'होम' झाला. हाच हिशेब शेवटपर्यंत चालला असता तर आज आपल्याला 'सोरी' असा दीर्घ स्वराचा शब्द ऐकू आला असता. प्रत्यक्षात तो स्वर ऱ्हस्व झाला, लेखनात 'र' दुहेरी झाला आणि शब्द 'सॉरो'च्या अगदी शेजारी येऊन बसला. या ओढीमागे 'सॉरो'चाच प्रभाव असावा, असे कोशकार मानतात. बोलणाऱ्यांना दोन्ही शब्द एका घरातले वाटत होते आणि त्यांच्या त्या समजुतीने शब्दांचे रूपही थोडे बदलले.

मराठी वाचकाला असे उदाहरण परके नाही. उद्योग या अर्थाचे 'काम' संस्कृत 'कर्म'पासून प्राकृतातून आले आणि इच्छा या अर्थाचे 'काम' थेट संस्कृतातून आले. उच्चार एक, लेखन एक, मात्र जन्म निरनिराळे.

'सार'चे आणखी एक नाते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जर्मन भाषेत 'खूप' या अर्थाचा रोजच्या वापरातला शब्द 'झेर' आहे आणि तोही याच वेदनेच्या मुळातून आला आहे. आधी 'वेदना होईल इतके', मग 'तीव्रतेने' आणि अखेरीस नुसते 'खूप', असा त्याचा प्रवास झाला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मेंढपाळ फार घाबरले हे सांगताना 'सोअर अफ्रेड' असे शब्द येतात, तिथेही 'सोअर' म्हणजे 'फार'. आपण 'भयंकर आवडले' म्हणतो तेव्हा भयाचे जे होते, तेच इथे वेदनेचे झाले आहे.

प्रश्न : मी जर्मन शिकत आहे. जर्मन 'झोर्गे' आणि इंग्रजी 'सॉरो' हे एकच शब्द आहेत असे वाचले. परंतु जर्मनमध्ये त्याचा अर्थ काळजी आहे, दुःख नव्हे. मग मूळ अर्थ कोणता आणि अर्थ कोणत्या भाषेने बदलला?

उत्तर : आपला प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर 'दोन्ही' असे आहे. जुन्या शब्दात काळजी आणि दुःख हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. पुढे प्रत्येक भाषेने आपापला वाटा उचलला.

जर्मन भाषकाने 'काइने झोर्गे' म्हटले तर त्याचा अर्थ 'काळजी नको' एवढाच होतो. डच भाषेने याच शब्दातून शुश्रूषेचा अर्थ पुढे नेला. तिथे तो 'झोर्ख' असा उच्चारला जातो आणि रुग्णांची सेवा, वृद्धांची देखभाल, सगळी आरोग्यव्यवस्था या शब्दाने ओळखली जाते. स्वीडिश आणि डॅनिश भाषांत मात्र तोच शब्द मृत्यूनंतरच्या शोकासाठी वापरतात. म्हणजे एका शब्दाच्या वारसांपैकी एक चिंता करतो, एक सेवा करतो आणि एक शोक करतो. यांतला एकही अर्थ बाहेरून आणलेला नाही. ज्याच्याविषयी जिव्हाळा असतो त्याच्यासाठी मन व्याकूळ होणे हे मूळ धरले, तर माणूस संकटात असताना ती चिंता असते, आजारी असताना सेवा होते आणि गेल्यावर शोक होतो.

जुन्या लेखनातही हे दुहेरीपण दिसते. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने बायबलचा गॉथिक भाषेत अनुवाद केला. गॉथिक ही इंग्रजी आणि जर्मन यांच्या कुळातली, आता लुप्त झालेली भाषा. ग्रीक मूळात जिथे संसाराच्या 'चिंता' आहेत तिथे, आणि जिथे शिष्यांचे 'दुःख' आनंदात बदलेल असे म्हटले आहे तिथेही, ग्रीक शब्द वेगवेगळे असूनही गॉथिकमध्ये 'सॉर्गा' हा एकच शब्द येतो.

जुन्या इंग्रजीतले 'बेओवुल्फ' हे काव्य सुमारे १००० सालच्या एकाच हस्तलिखितात टिकून राहिले. त्यात राजा ह्रोथगार याच्या जिवलग सल्लागाराला एक राक्षसी मारून नेते आणि राजा खचून जातो, तेव्हा नायक त्याला म्हणतो, 'ने सोर्गा, स्नोतोर गुमा', म्हणजे 'शहाण्या पुरुषा, शोक करू नकोस'. पुढे तो म्हणतो की मित्रासाठी फार विलाप करण्यापेक्षा त्याचा सूड घेणे बरे. मित्र आधीच मारला गेला आहे, त्यामुळे 'सोर्गा' म्हणजे इथे शोकच. परंतु हेच शब्द एखाद्या जर्मन भाषकाने कानाने ऐकले तर त्याला 'काळजी करू नकोस' असे ऐकू येईल, आणि संदर्भ डोळ्यांआड केला तर तेही चुकीचे ठरणार नाही.

इंग्रजीत काळजीचा अर्थ 'सॉरो'मधून का गळाला, याचे एक कारण 'केअर' या शब्दात सापडते. आज 'केअर' म्हणजे काळजी. पण जुन्या इंग्रजीतला त्याचा पूर्वज 'चेआरू' हा दुःख आणि शोक यांचाही शब्द होता. जर्मन भाषेत ज्या शुक्रवारी ख्रिस्ताला क्रुसावर दिले गेले त्याला 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातल्या 'कार'मध्ये तो विलाप अजून शिल्लक आहे. 'केअर' शोकाकडून काळजीकडे सरकत गेला आणि 'सॉरो' काळजी सोडून शोकाशी स्थिरावला. दोघांनी जणू आपापली घरे अदलाबदल करून घेतली.

संस्कृताशी नाते विचाराल तर तेही आहे. पर्वा करणे, लक्ष देणे या अर्थाचा 'सूर्क्ष्' हा धातू 'सोर्ग'शी जोडला जातो, आणि आजारी पडणे या अर्थाचे एक लिथुएनियन क्रियापदही याच गटात धरतात. 'सूर्क्ष्' मराठीपर्यंत पोहोचला नाही, याची मला खंत वाटते.

प्रश्न : सरकारे जुन्या अन्यायांविषयी 'डीप सॉरो' किंवा 'डीप रिग्रेट' व्यक्त करतात, तेव्हा वृत्तपत्रे 'माफी मागितली' असा मथळा देतात. हे भाषांतर योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, आणि ही चूक किरकोळ मानू नये. 'सॉरो' ही भावना आहे. तिच्यात घटना वाईट होती हे मान्य केलेले असते, परंतु ती आपल्या हातून घडली हे मान्य केलेले असेलच असे नाही. भूकंपात माणसे गेली तर परदेशी राष्ट्रप्रमुखही 'सॉरो' व्यक्त करतो, कारण त्यासाठी अपराध लागत नाही. 'अपॉलजी' म्हणजे माफी, आणि तिला कर्ता लागतो.

म्हणूनच ज्यांना क्षमायाचना टाळायची असते, त्यांच्या मसुद्यांत 'सॉरो' आणि 'रिग्रेट' हे शब्द येतात. अटलांटिक महासागरापलीकडच्या गुलामांच्या व्यापारावर ब्रिटनने कायद्याने बंदी घातली, त्याला २००७ मध्ये २०० वर्षे पूर्ण होणार होती. त्याआधी नोव्हेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी या व्यापाराविषयी 'डीप सॉरो' व्यक्त केला. हा शब्द माफीपाशी येऊन थांबतो, माफी मागत नाही, अशी टीका तेव्हाच झाली. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाच्या शताब्दीच्या तीन दिवस आधी, १० एप्रिल २०१९ रोजी, तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत 'वी डीपली रिग्रेट' असे म्हटले. विरोधी पक्षनेत्यांनी त्याच सभागृहात निःसंदिग्ध माफीची मागणी केली. दोन्ही बाजूंना शब्दांतला फरक नेमका ठाऊक होता. मराठी मथळ्यातही तो राहिला पाहिजे: 'सॉरो'साठी तीव्र दुःख, 'रिग्रेट'साठी खेद, आणि 'अपॉलजी' असेल तिथेच माफी.

'सॉरी' हा शब्द यांच्या मधोमध उभा आहे आणि म्हणून तो सर्वांत निसरडा आहे. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक बेपत्ता झाला आणि अमेरिकी विमानातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती द्यायची नव्हती. अखेर ११ एप्रिलच्या पत्रात अमेरिकेने दोनदा 'व्हेरी सॉरी' असे लिहिले आणि तिढा सुटला. बीजिंगला तो शब्द क्षमायाचनेसारखा वाचता आला, तर वॉशिंग्टनला ते केवळ दुःखप्रदर्शन आहे असे सांगता आले. 'सॉरी' या एका शब्दात जखमेचा जुना अर्थ आणि क्षमेचा नवा अर्थ एकाच वेळी राहतात, याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

या गटातल्या शब्दांचे पूर्वायुष्यही लक्षात घेण्यासारखे आहे. 'रिग्रेट' ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून आला, त्याचा अर्थ मृत व्यक्तीसाठी विलाप करणे असा होता. 'अपॉलजी' हा तर ग्रीक न्यायालयातला शब्द होता आणि त्याचा अर्थ स्वतःच्या बचावाचे भाषण असा होता. स्वतःचे समर्थन करण्याचा शब्द स्वतःची चूक कबूल करण्याचा शब्द झाला. विलापाचा शब्द मात्र कार्यालयीन खेदापुरता उरला.

प्रश्न : 'मोअर इन सॉरो दॅन इन अँगर' या वाक्प्रचाराचा नेमका अर्थ आणि उगम काय?

उत्तर : आपल्या माणसावर टीका करावी लागते तेव्हा आपल्याला रागापेक्षा दुःख अधिक झाले आहे, हे सांगण्यासाठी तो वापरतात. उगम शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' या नाटकात आहे. मृत राजाच्या भुताचा चेहरा रागावलेला दिसत होता का, असे हॅम्लेटने विचारल्यावर त्याचा मित्र होरेशिओ सांगतो की त्या चेहऱ्यावर रागापेक्षा दुःख अधिक होते. मराठीत 'रागाने नव्हे, दुःखाने सांगतो' असे म्हटले की काम होते.

प्रश्न : परदेशातील एका सहकाऱ्याच्या वडिलांचे निधन झाले. मला इंग्रजीत सांत्वनपत्र लिहायचे होते. 'सॉरो', 'ग्रीफ' आणि 'सॅडनेस' यांपैकी कोणता शब्द वापरावा हे कळेना. शिवाय सगळे 'आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस' लिहितात. पण माझी काही चूक नसताना 'सॉरी' का म्हणावे, या विचाराने मी ते वाक्य टाळले. माझे चुकले का?

उत्तर : आपण अशा पत्रातल्या एका शब्दासाठी एवढा विचार केला, याबद्दल प्रथम आदर व्यक्त करतो. तिन्ही शब्दांची वजने वेगळी आहेत, म्हणून एकेक पाहू.

वजन हा शब्द 'ग्रीफ'च्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत आला, त्यात हाही आला. लॅटिनमध्ये 'ग्राविस' म्हणजे जड, आणि त्याच्यापासून ओझे घालणे, पीडा देणे या अर्थाचे क्रियापद झाले. 'ग्रॅव्हिटी' म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि 'ग्रीव्हन्स' म्हणजे गाऱ्हाणे, ही त्याची भावंडे. या 'ग्राविस'चा सख्खा नातेवाईक आपल्याकडे आहे, तो म्हणजे संस्कृत 'गुरु', ज्याचा मूळ अर्थ जड असा आहे. 'गौरव' आणि 'गरिमा' त्याच्यापासून झाले. म्हणजे ज्या मुळातून आपल्याला मान मिळाला, त्याच मुळातून इंग्रजीला शोक मिळाला. आणि आपण 'जड अंतःकरणाने निरोप दिला' असे लिहितो तेव्हा लॅटिन न शिकताही तीच कल्पना वापरत असतो. थडगे या अर्थाचा 'ग्रेव्ह' मात्र या कुळातला नाही. तो खणणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला आहे, आणि गंभीर या अर्थाच्या 'ग्रेव्ह'शी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे.

आजच्या वापरात 'ग्रीफ' हा वियोगाचा शब्द आहे. कोणीतरी गेल्यानंतर माणसावर कोसळणारे, त्याची झोप आणि भूक हिरावून घेणारे, काही काळ त्याला वेगळाच माणूस करून टाकणारे दुःख म्हणजे 'ग्रीफ'. 'सॉरो' त्याहून शांत आणि दीर्घ आहे. ते मृत्यूचे असू शकते, तसेच दुरावलेल्या नात्याचे किंवा वाया गेलेल्या आयुष्याचेही असू शकते. त्याला अनेकवचन सहज चालते, म्हणून 'जॉइज अँड सॉरोज', म्हणजे सुखदुःखे, असे म्हणतात. 'ग्रीफ' सहसा एकवचनीच राहतो. 'सॉरो'ला लेखनाचा, प्रार्थनेचा आणि कवितेचा स्वर आहे. रोजच्या बोलण्यात 'आय हॅव सॉरो' असे कोणी म्हणत नाही आणि 'सॉरो न्यूज' हा मराठी माणसाच्या पत्रांत वारंवार दिसणारा प्रयोग तर सरळ चुकीचा आहे. तिथे 'सॅड न्यूज' पाहिजे.

'सॅड' हा बोलीतला, सर्वांत हलका शब्द. त्याचा मूळ अर्थ 'तृप्त, पोट भरलेला' असा होता. तृप्तीतून जडपणा, जडपणातून गांभीर्य आणि गांभीर्यातून खिन्नता, असा तो आजच्या अर्थाला पोहोचला. मृत्यूच्या बातमीला 'सॅड' चालतो, परंतु मुलाला किंवा पत्नीला लिहिताना त्यांच्या दुःखासाठी 'सॅडनेस' वापरला तर तो तोकडा पडतो.

सहकाऱ्याचे दुःख सांगताना 'ग्रीफ' वापरावा आणि आपले स्वतःचे दुःख सांगताना 'सॉरो' किंवा 'सॅड' वापरावा, असा माझा सल्ला आहे. 'इन युअर ग्रीफ' असे लिहिणे शोभते. वडिलांना कधी पाहिलेही नसताना 'माय ग्रीफ' लिहिणे मात्र वाचणाऱ्याला खटकू शकते, कारण ते ओझे त्याचे आहे. 'बिरीव्ह्ड' हा शब्दही अशा वेळी कामाला येतो. त्याच्या जुन्या क्रियापदाचा अर्थ लुटणे असा होता आणि मृत्यूने ज्याचे माणूस नेले तो 'बिरीव्ह्ड'. त्याचेच दुसरे रूप 'बिरेफ्ट' आता आशा, आधार, शब्द अशा कशालाही मुकलेल्या माणसासाठी वापरतात, म्हणून सांत्वनपत्रात पहिलेच रूप घ्यावे.

राहिला 'सॉरी'. आपला संकोच मला पूर्णपणे समजतो आणि त्याचे कारण मराठीतच आहे. आपण इंग्रजीकडून 'सॉरी' घेतला तेव्हा त्याचा एकच अर्थ घेतला. गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला, पोहोचायला उशीर झाला, चुकीच्या क्रमांकावर फोन लागला, की आपण 'सॉरी' म्हणतो. मराठीतला 'सॉरी' हा केवळ माफीचा शब्द आहे आणि तोच कान घेऊन आपण इंग्रजी वाक्य ऐकतो. इंग्रजीत मात्र त्याचा मूळचा अर्थ कधी लोपला नाही. 'सारिग' म्हणजे वेदनेने भरलेला, हे आपण पहिल्या उत्तरात पाहिले. 'आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस' या वाक्यात क्षमायाचना मुळीच नाही. त्याचा अर्थ 'तुमचे माणूस गेले, त्याने मलाही दुखते आहे' असा आहे. क्षमेचा अर्थ नंतर त्याच्यातूनच निघाला, कारण ज्याला आपल्या हातून झालेली इजा स्वतःलाही दुखते, तोच खऱ्या अर्थाने क्षमा मागू शकतो.

तेव्हा आपले व्याकरणात काही चुकले नाही, फक्त एक चांगले वाक्य हातचे गेले. पत्र पाठवून फार दिवस झाले नसतील तर पुन्हा दोन ओळी लिहायला हरकत नाही, आणि त्या वेळी हे वाक्य निःशंकपणे लिहावे. शक्य असेल तर 'लॉस'च्या जागी 'युअर फादर्स डेथ' असे स्पष्ट लिहावे आणि वडिलांविषयी सहकाऱ्याने कधी काही सांगितले असेल तर त्याचा उल्लेख करावा.